लक्ष जातं ते वेगळं, लक्ष देणं वेगळं: आजूबाजूच्या जगाकडे पहायला कसं शिकायचं

मागच्या उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास मी गाडीवर ऑफिसला जाऊन राहिली होती, नेहमीचाच रस्ता, मोबाईल पर्समध्ये, कानात काही नाही, डोळे सरळ समोर, आणि तरी केळीचा ठेला ढकलत रस्ता क्रॉस करणारे एक काका मला दिसले ते एकदम तीन-चार फुटांवर. ब्रेक लागला म्हणून कोणाला काही झालं नाही. डझनभर केळी रस्त्यावर पडली ती मी उचलून दिली, पैसे देऊ केले तर काकांनी घेतले नाही, उलट मलाच म्हणाले, "बेटा, आधी पाणी पी." हात थरथरत होते माझे. दिवसभर डोक्यात एकच, की मी समोर पाहून राहिली होती ना, मग दिसलं काहून नाही?

संध्याकाळी मामांना सांगितलं. मामा रेल्वेतून रिटायर झाले, इथं नागपुरातच अजनीला लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे, होते, पूर्ण आयुष्य समोर पाहण्यात गेलं त्यांचं. ते रागावले नाही, फक्त म्हणाले, "तुझे डोळे होते सडकेवर, तू नव्हती तिथं." आणि मग पुढचे काही आठवडे त्यांनी मला जे शिकवलं, आणि मी स्वतः जे वाचलं, करून पाहिलं, ते सगळं इथं लिहून राहिली आहे. ज्यांना वाटतं की आपण दिवसभर फिरतो पण काही पाहतच नाही, त्यांच्यासाठी. गाडी चालवणाऱ्यांसाठी तर नक्कीच.

सगळ्यात आधी आपल्याच भाषेतली एक गोष्ट पहा. आपण म्हणतो "लक्ष गेलं" आणि आपण म्हणतो "लक्ष दिलं". या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेंदूतही त्या वेगळ्याच आहेत. मागून जोरात हॉर्न वाजला, कोणी किंचाळलं, कोपऱ्यात काही झटकन हललं की लक्ष जातं, त्याला आपल्याला विचारायची गरज पडत नाही. पण रोजच्या रस्त्यावर हळूहळू सरकणारा ठेला ना वाजतो ना चमकतो, तिकडे लक्ष आपोआप जात नाही, ते द्यावं लागतं. आपला गोंधळ इथंच होतो, आपण समजतो की डोळे उघडे आहेत म्हणजे लक्ष दिलेलंच आहे.

हे माझ्यासारख्या एकटीदुकटीचं नाही. २०१३ मध्ये एक प्रयोग छापून आला, २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितलं, शेवटच्या स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचं एक चित्र टाकलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलंच नाही. आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते यापुढचं, त्यांची नजर कुठं जाते ते मोजणारं यंत्र लावलं होतं, आणि ज्यांना दिसलं नाही त्यातल्या बहुतेकांची नजर त्या चित्रावर सरळ जाऊन आलेली होती. नजर पडली, पण दिसलं नाही. ते डॉक्टर गाठी शोधत होते आणि त्यांना गाठीच दिसल्या. म्हणजे हुशारी कमी पडत नाही, कामाची सवय कमी पडत नाही, ज्याची वाट पाहत नाही ते हातातून निसटतं.

आता करायचं काय ते सांगते.

पहिले आपले डोळे काय करतात ते समजून घ्या, त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहते. हात सरळ समोर लांब करा आणि अंगठ्याचं नख पहा. एका वेळी डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. बाकी सगळं धूसर असते, पण आपल्याला तसं वाटत नाही कारण डोळा एका सेकंदात तीन-चार उड्या मारतो आणि मेंदू त्या तुकड्यांचं एक चित्र जोडून देतो. पटत नसेल तर रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या होर्डिंगच्या मधल्या एका अक्षरावर नजर रोखा आणि डोळा न हलवता कडेचा फोन नंबर वाचून दाखवा. नाही वाचता येणार. दुसरी गंमत आरशासमोर करा, आधी आपला डावा डोळा पहा, मग उजवा, मग परत डावा. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाही. बाजूला कोणी उभं असेल तर त्याला दिसते, मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातही दिसते कारण तिथं चित्र जरासं उशिरा येते, पण आरशात नाही. कारण उडी मारताना मेंदू तेवढ्या वेळापुरतं पाहणं दाबून टाकतो.

याचा रस्त्यावर फार मोठा उपयोग आहे, आणि हे मला वाटते प्रत्येक पोट्ट्याला लायसन्स देताना शिकवायला पाहिजे. चौकात आल्यावर आपण काय करतो, डावीकडून उजवीकडे नजर झर्रकन फिरवतो आणि म्हणतो, पाहिलं. तसं पाहिलं जात नाही. नजर फिरवू नका, थांबवा. डावीकडे एक जागा, थांबा. मधात एक जागा, थांबा. उजवीकडे एक, थांबा, आणि मग परत डावीकडे. दरवेळी मान वळवा, नुसती बुबुळं नाही, कारण हेल्मेटची कड, ऑटोचा पडदा, कारचा समोरचा खांब, याच्या मागे एक पूर्ण मोटरसायकल लपते. अजून एक, जी गाडी तुमच्या नजरेतून डावीकडे किंवा उजवीकडे सरकून राहिली ती तुमच्या पुढून नाहीतर मागून निघून जाईल. जी जागेवरून हलतच नाही, नुसती मोठी होत चालली, ती तुमच्यावर येऊन राहिली आहे. आणि नेमकी तीच नजरेत भरत नाही, कारण कडेच्या नजरेला हलणारं पटकन दिसते, स्थिर वाटणारं नाही. माझा तो ठेला असाच होता बहुतेक.

आता मामांची पद्धत, ज्यासाठी मी हे लिहायला बसली. इंजिनमध्ये दोघं जण असतात, लोको पायलट आणि असिस्टंट, आणि सिग्नल दिसला की तो बोलून दाखवायचा असतो. एक म्हणणार "डिस्टंट, डबल यलो" (म्हणजे पुढच्या सिग्नलची आधीच खबर देणारा सिग्नल, त्यावर दोन पिवळे दिवे), दुसरा तेच परत म्हणणार. दोघांनाही दिसलेलं असते, तरी म्हणायचं. रोज तोच सिग्नल, वीस वर्षं, तरी म्हणायचं. मी मामांना विचारलं की तुम्हाला कंटाळा नाही आला का, तर म्हणाले, "कंटाळ्यासाठीच तर आहे ते. ज्या दिवशी नवीन लाईन राहते त्या दिवशी कोणी झोपत नाही. रोजच्या लाईनवर माणूस जागेपणी झोपते." तोंडाने नाव घेतलं की नजर पडलेली गोष्ट मनापर्यंत जाते, बोलण्यासाठी आधी ती काय आहे हे ठरवावं लागते, आणि ठरवायचं म्हणजे लक्ष द्यावंच लागते, त्यातून सुटका नाही.

तर तुम्ही हे करा. रोजच्या रस्त्याचा एक छोटा तुकडा निवडा, पूर्ण रस्ता नाही, पाच मिनिटांचा तुकडा. माझा घरापासून मोठ्या चौकापर्यंतचा आहे. त्या तुकड्यात जे महत्त्वाचं दिसेल त्याचं नाव घ्यायचं, हळू आवाजात, हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू जात नाही. "डावीकडे ऑटो, थांबलेला. गाय, उजवीकडे, उभी. शाळेची पोरं, तीन. स्पीडब्रेकर. ठेला." पहिले दोन दिवस लाज वाटते आणि दमायला होते, पाच मिनिटं फार लांब वाटतात, तिसऱ्या दिवसापासून रस्ता वेगळाच दिसायला लागतो. मला चौथ्या दिवशी कळलं की त्या रस्त्यावर एक चप्पल शिवणारे बाबा बसतात, पिंपळाखाली, आणि ते तिथं कित्येक वर्षांपासून बसतात. मी सहा वर्षांपासून तिथून जाते. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी, खरं सांगते. आता थांबते तिथं, कधी चप्पल असते कधी नुसतं "बरं आहे ना बाबा" म्हणून.

जोर लावून लक्ष देता येत नाही हेही लवकरच कळेल. "आता मी लक्ष देणार" असं ठरवून डोळे ताणले की मिनिटभरात मन परत घरच्या भांडणात नाहीतर ऑफिसच्या मेलमध्ये जाऊन बसते. त्याला काहीतरी काम द्या, एक प्रश्न द्या. यार्बस नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ होता, त्याने साठच्या दशकाच्या आसपास एक काम केलं, लोकांना एकच चित्र दाखवायचं, पण प्रश्न वेगळा विचारायचा आणि डोळा कुठं कुठं फिरतो ते नोंदवायचं. चित्रात एका घरातली माणसं होती. त्यांची वयं विचारली तर नजर चेहऱ्याचेहऱ्यावर फिरली, घरची परिस्थिती कशी आहे विचारलं तर कपड्यांवर आणि सामानावर गेली. चित्र तेच, डोळे तेच, प्रश्न बदलला आणि पाहणं बदललं.

म्हणून बाहेर निघताना एक प्रश्न सोबत घ्या. बारीकसा, उत्तर मिळण्यासारखा. आज या रस्त्यावर कडुनिंबाची झाडं किती? कोणत्या घराचा कूलर खिडकीत आणि कोणाचा गच्चीवर? बहावा कुठं कुठं फुलला? (एप्रिल-मे मध्ये हा प्रश्न घेऊन सेमिनरी हिल्सकडे एक चक्कर मारा, सगळं वाळून गेलेलं असते आणि मधातच एक झाड पूर्ण पिवळं लटकलेलं.) एका वेळी एकच प्रश्न. दोन घेतले की दोन्ही हरवतात.

प्रश्न किती कामाचा असतो ते माझ्या आत्याला संत्री घेताना पाहून मला सगळ्यात चांगलं समजलं. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री येतात तेव्हा ठेल्यावर गर्दी असते, मी आपली रंग पाहून उचलते, केशरी दिसलं की टाक पिशवीत. आत्या रंगाकडे पाहतच नाही जवळपास. एक फळ उचलते, तळहातावर ठेवते आणि एक क्षण थांबते. आकाराच्या मानाने जड आहे का, हा तिचा प्रश्न. मग अंगठ्याने देठाजवळ जरासं दाबते, साल आतल्या फोडींना चिकटून आहे की सुटून पोकळ झाली. पोकळ असलं की परत ठेवते, कितीही सुंदर केशरी असो, कारण ते आतून कोरडं निघते. मग एकदा नाकाजवळ नेते. हे सगळं तीन सेकंदात, आणि या वेळात तोंडाने ठेलेवाल्याच्या पोरीच्या बारावीची चौकशी चालू. मी एक दिवस तिच्या बाजूला उभी राहून फक्त "जड आहे का" एवढाच प्रश्न घेऊन पंधरा-वीस फळं उचलली, पहिली पाच-सहा सारखीच वाटली, मग फरक कळायला लागला, हाताला कळतो तो. रंगाचा हिरवेपणा म्हणजे कच्चं असंही नसते, हेही तेव्हाच समजलं. हात पण पाहतो, त्याला विचारलं तर.

कानाचं शिकायचं असेल तर नागपूरच्या उन्हाळ्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मे महिन्यात घरात कूलर दिवसरात्र चालू असते, आणि तासाभरात तो आपल्याला ऐकूच येत नाही. एकसारखा आवाज, एकसारखा वास, अंगावरचा कपडा, मेंदू काही वेळाने त्याची खबर देणं बंद करतो, त्याला नवीन काय ते हवं असते. मग दुपारी लाईट जाते. आपण "गेली" म्हणून वैतागतो, पंखा हातात घेतो. यापुढे लाईट गेली की पहिली दोन मिनिटं वैतागायच्या आधी नुसतं ऐका. कूलर थांबला की घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटते. शेजारी भांडी घासून राहिले. कोणाचं तरी तान्हं बाळ. खसाच्या ताटीतून थेंब पडतात ते. आणि लांब कुठंतरी वडावर नाहीतर उंबरावर तांबट, टुक, टुक, टुक, एका लयीत, न थकता, भर उन्हात. तो कूलर चालू असतानाही ओरडतच होता. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल, आवाजावरून शोधायला गेलात तर बराच वेळ सापडत नाही पण सापडला की विसरत नाही.

रोज करायचं म्हटलं तर असं करा, जिथं असाल तिथं आधी सगळ्यात दूरचा आवाज शोधा. रात्री आमच्याकडे तो रेल्वेचा हॉर्न असतो. तो सापडला की त्याच्यापेक्षा जवळचा, मग त्याहून जवळचा, असं करत स्वतःच्या श्वासापर्यंत या. आवाज पुढून आला की मागून हे कधीकधी कळत नाही, कारण दोन्ही कानांना तो सारख्याच वेळी पोचतो, तेव्हा मान जराशी वळवा, लगेच कळते. गाडीवर हे फार कामी येते.

आणि गर्दीत? बर्डीच्या बाजारात संध्याकाळी उभं राहून पहा, शंभर आवाज, "दोनशेला दोन, दोनशेला दोन", ऑटोवाले, गाणी, आणि तरी सोबतच्या मैत्रिणीचं बोलणं आपल्याला नीट ऐकू येते. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये यावर काम केलं, दोन कानांत दोन वेगळी बोलणी लावली आणि एकीकडेच लक्ष द्यायला लावलं, तर दुसऱ्या कानातलं लोकांना जवळपास काहीच सांगता आलं नाही. पण पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे (Moray) या दुसऱ्या शास्त्रज्ञाने त्या दुसऱ्या कानात माणसाचं स्वतःचं नाव टाकलं तेव्हा साधारण तीनातल्या एकाला ते ऐकू आलं. मला हे वाचून आईची आठवण आली, ती पिठाच्या गिरणीच्या खडखडाटात उभी राहूनही रस्त्यावरून कोणी तिचं नाव घेतलं की वळायची. बंद केलेलं दार पूर्ण बंद नसते, जे आपलं आहे त्याला फट असते. तर आपलं काय काय आहे, ते वाढवत जाणं हा एक मार्ग आहे. पक्ष्याचं नाव माहीत झालं की तो गर्दीतही ऐकू यायला लागतो. माणसांचंही तेच.

वासाबद्दल एवढंच, सकाळी भाजीबाजारात जा आणि डोळे मिटून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचा ढीग कुठं आहे ते सांगा. जमते.

दिशेचा भाग मात्र मला जरा सविस्तर सांगायचा आहे. आमचे आजोबा वावरात असोत की नागपुरात, डावं-उजवं कधी म्हणायचे नाही. "तो तांब्या उगवतीकडे सरकव." शहरात आल्यावरही पाच मिनिटांत त्यांना दिशा कळायची. आपण झिरो माईलच्या गावात राहतो, इंग्रजांनी मोजणीसाठी जिथं खांब उभा केला तिथून रोज जातो, आणि मॅप बंद पडला की उत्तर कुठं ते सांगता येत नाही. हे परत मिळवायला महिना लागतो, जास्त नाही. घरातून निघताना एकदा म्हणा, उत्तर तिकडे. पोचल्यावर परत म्हणा आणि मग मोबाईलच्या होकायंत्रात तपासा. चुकलात तर कोणत्या वळणावर चुकलात ते आठवा. सावलीकडे पहा. नागपूर कर्कवृत्ताच्या खाली आहे म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येते, मे च्या शेवटी शेवटी आणि जुलैच्या मधात. जुलैला ढग असतात, मे चा धरा. २६ मे च्या आसपास गच्चीवर दुपारी बाराच्या सुमारास एक सरळ उभा स्टीलचा ग्लास ठेवा आणि पहा, सावली आखडत आखडत १२ वाजून १० मिनिटांच्या आगेमागे ग्लासच्या बुडाखाली गायब होते. डोक्याला दुपट्टा बांधून जा, पाणी पिऊन जा, पाच मिनिटांच्या वर थांबू नका, ऊन मजाक करत नाही. पण त्या पाच मिनिटांत आपण कुठं उभे आहोत हे जसं कळते तसं कोणत्या ॲपने कळत नाही.

थकवा येईल, तर येऊ द्या. दिवसभर बाहेर लक्ष देत कोणी राहू शकत नाही, मन भटकणं वाईट नाही, माझी अर्धी कामं भांडी घासताना मन भटकलं म्हणून सुचतात. चालत्या गाडीवर भटकू नये इतकंच. गाडीवर असताना मन परत परत आत जाऊन राहिलं असं वाटलं, रात्रीची झोप झाली नसेल, घरी काही टेन्शन असेल, तर त्या दिवशी बसने जा, मेट्रोने जा, पायदळ जा. मी आता तसंच करते.

एक राहिलं. बळजबरीने रोखून पाहणं नेहमी कामी येत नाही याचा सगळ्यात सुंदर पुरावा आकाशात आहे. हिवाळ्यात रामटेककडे जाणं झालं, पन्नासेक किलोमीटर आहे, तर रात्री अंधाराची जागा पाहून वीस मिनिटं मोबाईल न काढता थांबा आणि कृत्तिका शोधा, तो बारीक ताऱ्यांचा झुपका. सरळ त्याच्याकडे पाहिलं तर थोडेच तारे दिसतात. आता नजर जराशी बाजूला ठेवा, झुपक्याच्या शेजारी, पण लक्ष झुपक्यावरच राहू द्या. डोळ्याच्या बरोबर मधल्या भागाला अंधुक उजेड नीट पकडता येत नाही, कडेच्या भागाला येते. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे गेलो होतो तेव्हा आत्याने सरळ पाहून सहा मोजले, मग मी सांगितलं तसं नजर बाजूला केली, काही वेळ काही बोलली नाही, आणि मग माझा हात धरून म्हणाली, "थांब, अजून आहेत."